तिसऱ्या क्यूबचं काय करायचं?

स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत काँक्रीटची ताकद तपासण्याचा एक ठरलेला प्रयोग असतो. 150 मिलिमीटर बाजूचे तीन क्यूब भरायचे, 28 दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्राखाली दाबून फोडायचे. समजा काँक्रीट एम 25 आहे, म्हणजे 28 दिवसांनी त्याची ताकद 25 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी. पहिला क्यूब 590 किलोन्यूटनला फुटला, दुसरा 575 ला आणि तिसरा 430 लाच गेला. दाब पडणारं क्षेत्रफळ 22,500 चौरस मिलिमीटर, म्हणजे ताकद अनुक्रमे 26.2, 25.6 आणि 19.1 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सरासरी 23.6. काँक्रीट बांधकामाच्या आयएस 456 या भारतीय संहितेनुसार एखादा क्यूब सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त दूर गेला तर तो अख्खा नमुना अवैध ठरतो. इथे खालची मर्यादा 20.1 येते. तिसरा क्यूब तिच्याही खाली आहे, म्हणून नमुना बाद.

विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, मात्र असं क्वचितच लिहिलेलं सापडतं. तिथे तिसरा क्यूब गाळून पहिल्या दोघांची सरासरी 25.9 काढलेली असते आणि काँक्रीट पास झालेलं असतं. नाहीतर 430 च्या जागी 560 येतं आणि सगळंच नीटनेटकं दिसतं. याला विद्यार्थी ‘रीडिंग बसवणं’ म्हणतात. त्यात कुणाचं नुकसान झालं असं कुणालाच वाटत नाही, कारण ते तीन क्यूब कुठल्याच इमारतीत नाहीत. मास्तर सही करतात, सबमिशन होतं.

अभियंत्यांना नीतिमूल्यं आणि सामाजिक जबाबदारी कशी शिकवावी, यावर आपल्याकडे बरीच चर्चा होते. ती नेहमी नवीन विषय, नवीन श्रेयांक, पाहुण्यांची व्याख्यानं याच वळणावर जाते. आमचं म्हणणं वेगळं आहे. नीती अभियांत्रिकी महाविद्यालयात रोज शिकवली जातेच आहे. ती प्रयोगशाळेत, ड्रॉइंग हॉलमध्ये आणि सबमिशनच्या आठवड्यात शिकवली जाते, आणि ती चुकीची शिकवली जाते. आकडा आधी ठरवायचा, निरीक्षण मागून जुळवायचं, हा धडा चार वर्षांत इतक्या वेळा गिरवून घेतला जातो की आठवड्याला दोन तासांचा कुठलाही स्वतंत्र विषय त्याला पुरा पडणार नाही. दुरुस्ती करायची असेल तर ती तिथेच, त्या प्रयोगाच्या टेबलावर आणि त्या प्रश्नपत्रिकेत करावी लागेल.

ज्यांनी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलंय त्यांना ‘जीटी मारणं’ समजावून सांगावं लागत नाही. काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रेघ न् रेघ उतरवून घ्यायची. आता दिवा गेला आणि फाइल कॉपी करून वरचं नाव बदलण्याची सोय आली, इतकाच फरक. हा मुलांचा खोडसाळपणा आहे असं आम्ही म्हणणार नाही. एका सत्रात पाच-सहा विषय, प्रत्येकाचे आठ-दहा प्रयोग, एका बॅचला वीस मुलं, यंत्र एक आणि तेही अधूनमधून बंद. मूल्यमापन होतं ते जर्नल पूर्ण आहे का, याचं. उत्तर ‘बरोबर’ आलं नाही तर प्रयोग पुन्हा करायला वेळ नाही, आणि आलं तसं लिहिलं तर गुण कापले जातात. अशा रचनेत खरं लिहिणारा विद्यार्थी दंड भरतो. तो एका सत्रात शहाणा होतो.

संस्थात्मक पातळीवर काय आहे तेही बघू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमापासून वैश्विक मानवी मूल्यं हा विषय आला. त्यातला आत्मपरीक्षणाचा, कुटुंब-समाज-निसर्ग यांच्याशी नात्याचा भाग वाईट नाही. पण त्यात क्यूब नाही, मोजमाप पुस्तिका नाही, डिलिव्हरी चलन नाही. दुसरीकडे अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने (एनबीए) पदवीधराकडून ज्या बारा गोष्टींची अपेक्षा वर्षानुवर्षं ठेवली, त्यांत सहावी ‘अभियंता आणि समाज’ आणि आठवी ‘नीतिमत्ता’ होती. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 मध्ये पूर्ण सदस्य झाला तो याच चौकटीच्या आधारावर. प्रत्येक विषयाच्या उद्दिष्टांसमोर या अपेक्षांचे रकाने असतात आणि त्यांत 1, 2 किंवा 3 असा अंक भरायचा असतो. आता विचार करा, मूल्यांकन समिती यायच्या आदल्या महिन्यात शिक्षक द्रवयांत्रिकीच्या तक्त्यात नीतिमत्तेच्या रकान्यात 2 लिहितात, तेव्हा त्या 2 ला आधार कशाचा असतो? नीतिमत्तेवर एकही प्रश्न विचारलेला नसेल तर तो अंकही बसवलेला आहे. शिक्षकांना दोष देऊन हे सुटणार नाही. त्यांच्यावरही तोच दबाव आहे जो मुलांवर आहे. पण ज्या विभागात नीतिमत्तेचं मोजमापच बसवलं जातं, तिथे नीतिमत्तेचा विषय उभा राहू शकत नाही, हे मान्य करायला हवं.

प्रयोगशाळेतली सवय साइटवर कशी जाते ते नीट पाहण्यासारखं आहे. नव्या पदवीधराला पहिल्या नोकरीत जे काम मिळतं त्यात एक असतं स्लॅबच्या दिवशी रेडिमिक्सच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या उतरवून घेणं. गाडी सहा घनमीटरची. घनमीटरला 350 किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 धरलं तर पाणी 158 लिटरच्या आसपास. गाडी वाहतुकीत अडकली, उन्हात दीड-दोन तास गेले, काँक्रीट घट्ट झालं. पंपवाला म्हणतो पाइप जाम होईल, मुकादम म्हणतो थोडं पाणी सोडा. दोनशे लिटरचं एक पिंप ड्रममध्ये रिकामं झालं की घनमीटरमागे 33 लिटर पाणी वाढतं आणि प्रमाण 0.55 च्या जवळ पोहोचतं. ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने, कधी त्याहून जास्त घटते. पुढे छिद्रं वाढून सळ्या लवकर गंजणार, ते वेगळंच. योग्य मार्ग माहीत नाही असंही नाही. आधीपासून ठरवलेल्या मात्रेत प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारं रसायन) घालून गाडी पुन्हा फिरवायची, आणि तरीही स्लम्प, म्हणजे काँक्रीटच्या पातळपणाचं माप, जमला नाही तर गाडी परत पाठवायची. पण गाडी परत पाठवायची म्हणजे हजारो रुपयांचा माल परत, स्लॅबमध्ये थंड सांधा (आधीचा थर घट्ट झाल्यावर नवा ओतल्याने राहणारा कच्चा जोड) पडायची भीती आणि ठेकेदाराचा संताप. चलनावर सही मात्र त्या बावीस वर्षांच्या मुलाची.

याच गाडीतून क्यूब भरले असतील तर ते 28 दिवसांनी खरं सांगतील. म्हणूनच क्यूब बरेचदा पाणी घालण्याआधी भरले जातात, किंवा जास्त सिमेंटचा घमेलाभर माल वेगळा कालवून त्यातून भरले जातात. ते टाकीत 28 दिवस मुरतात. स्लॅबवर मात्र तीन-चार दिवस पाणी मारलं की झालं. शेवटी रजिस्टरमध्ये जी ताकद लिहिली जाते ती त्या क्यूबची असते, त्या इमारतीची नसते. आणि समजा क्यूब प्रामाणिक निघाला आणि नापास झाला, तर 28 दिवसांत वर आणखी दोन स्लॅब पडलेले असतात. तेव्हा खरं बोलायची किंमत एका मजल्याची राहत नाही, तीन मजल्यांची होते. म्हणून सात दिवसांच्या क्यूबकडे गंभीरपणे बघायला शिकवलं पाहिजे. तो अपेक्षित ताकदीच्या सुमारे दोन-तृतीयांश आला नाही तर वरचं काम थांबवून चौकशी करायची. खरं बोलणं स्वस्त असतं तेव्हाच बोलायचं, हे तंत्रही आहे आणि नीतीही.

नापास झाल्यावर पुढे काय, हेही संहितेत लिहिलेलं आहे. ते वर्गात सहसा घाईत उरकलं जातं. संशयाच्या भागातून किमान तीन कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेले काँक्रीटचे गोल तुकडे, काढायचे. त्यांची समतुल्य सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के तरी हवी आणि एकही कोअर 75 टक्क्यांच्या खाली नको. तेही जमलं नाही तर भारचाचणी: स्वतःचं पूर्ण वजन आणि वापराच्या भाराच्या सव्वापट भार 24 तास ठेवायचा, मग काढायचा, आणि 24 तासांत वाकाव किमान 75 टक्के परत येतोय का ते बघायचं. म्हणजे ‘नापास’ लिहिलं की इमारत लगेच पाडावी लागते असं नाही. चूक कबूल केल्यावर चालायला एक रस्ता आहे, पायरीपायरीचा. तो माहीत नसलेला तरुण अभियंता घाबरतो आणि रीडिंग बसवतो. नीतिशिक्षणात धैर्याबद्दल खूप बोललं जातं. पुढची पायरी काय हे पाठ असलं की पुष्कळदा फारसं धैर्य लागतच नाही.

अभियांत्रिकी नीतीच्या वर्गात जगभर सांगितली जाणारी दोन-तीन उदाहरणं आपल्याकडेही सांगावीत, पण गोष्ट म्हणून नव्हे, गणित म्हणून. कॅन्सस सिटीतल्या हयात रिजन्सी हॉटेलात 17 जुलै 1981 रोजी टांगते पादपूल कोसळले आणि 114 माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून एकच लांब दांडा चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत जात होता. बनवायला सोपं जावं म्हणून त्याचे दोन दांडे झाले. खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला टांगला गेला आणि वरच्या तुळईखालच्या नटावरचा भार दुप्पट झाला. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला फळ्यावर मुक्त-पिंड आकृती (एका भागावरची सगळी बलं दाखवणारी) काढून पाच मिनिटांत हे दाखवता येतं. आणि मूळची जोडणीसुद्धा नियमाने मागितलेल्या ताकदीच्या सुमारे 60 टक्केच होती. बदल कारखान्याच्या नकाशावर आला, त्यावर शिक्का पडला, कुणी पुन्हा गणित केलं नाही. जबाबदार अभियंत्यांना मिसुरी राज्यातला परवाना गमवावा लागला.

आपल्याकडे असा परवाना काढून घेता येत नाही, कारण देशपातळीवर तो दिलाच जात नाही. वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा आहे, डॉक्टर-वकिलांसाठी परिषदा आहेत. अभियंत्याला मात्र महापालिकेच्या यादीत स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोंद मिळते आणि ती गेली तरी त्याचं अभियंतापण कुणी काढून घेऊ शकत नाही. शिक्षणाने ही पोकळी भरून निघणार नाही, ती कायद्यानेच भरावी लागेल. पण सहीचं वजन तरी शिकवता येईल.

14 मार्च 2019 ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला. त्याच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये पूल वापरायोग्य आणि फक्त किरकोळ दुरुस्तीची गरज, असा शेरा होता. पूल पडल्यावर ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. ही बातमी आपण वाचतो आणि भ्रष्टाचार म्हणून बाजूला ठेवतो. शिकवायचं ते वेगळंच आहे: ऑडिट म्हणजे नेमकं काय तपासलं आणि काय तपासता आलं नाही. टाइल्स आणि जुन्या थरांखालचं पोलाद उघडून पाहिलं का? आयताकार तुळईच्या आतून गंज किती? मूळ नकाशा मिळाला का, की मृतभार, म्हणजे पुलाचं स्वतःचं वजन, अंदाजाने धरला? पुलावर वर्षानुवर्षं दुरुस्तीचे थर चढत गेले तर स्वतःचं वजनच वाढलेलं असतं. अहवालाच्या पहिल्या पानावर ‘न तपासलेले भाग’ असा मथळा देऊन ते लिहिण्याची सवय विद्यार्थ्याला प्रकल्पातच लावली, तर ‘वापरायोग्य’ हा शब्द त्याच्या हातून सहज उतरणार नाही.

हे सगळं खोटेपणाबद्दल झालं. सामाजिक जबाबदारी हा त्याहून अवघड भाग आहे, कारण तिथे कुणी खोटं बोलत नसतं. आराखड्यात जो माणूस दाखवलेला नाही, त्याचा विचार करायचा असतो.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं संकल्पन घ्या. पुण्या-मुंबईच्या मोठ्या गृहसंकुलांत ते बंधनकारक आहे आणि जागेची किंमत पाहता ते तळघरात, कधी दुसऱ्या तळघरात ढकललं जातं. विद्यार्थी माणशी 135 लिटर पाणी धरतो, त्यातलं 80 ते 90 टक्के सांडपाणी धरतो, टाक्यांचं आकारमान काढतो, हवा पुरवण्याचा हिशोब करतो, पूर्ण गुण मिळवतो. टाकीतला गाळ कोण, कसा काढणार हे त्याला कुणी विचारत नाही. दुसऱ्या तळघराच्या तळापासून रस्त्यापर्यंत उंची आठ मीटरच्या पुढे जाते. वातावरणाच्या दाबाने पाणी ओढायची मर्यादाच सुमारे 10 मीटर, व्यवहारात सहा-सात. टँकर रॅम्पवरून खाली उतरू शकत नाही कारण छताची उंची कमी. मग माणूस उतरतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी साचतो. कमी प्रमाणात सडक्या अंड्याचा वास येतो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) वर गेला की नाकाची जाणीवच मरते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटून माणूस आणखी आत जातो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा दुर्घटनांमध्ये मृतांचा आकडा एकावर क्वचित थांबतो तो यामुळे.

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गटारात आणि मैल्याच्या टाकीत संरक्षण साधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाची भरपाई 30 लाख रुपये केली. या निकालाचं स्वागतच आहे. पण टाकी अशी बांधली की माणूस उतरवल्याशिवाय ती साफच होऊ नये, तर गुन्ह्याची जागा नकाशातच तयार झाली. तिथे ना ठेकेदार होता ना सोसायटीचा सेक्रेटरी, अभियंता होता. उपाय महागडे नाहीत. टाकीच्या तळाला एका कोपऱ्याकडे उतार, त्या कोपऱ्यात कायमचा बसवलेला गाळ उपसायचा पंप, रस्त्याच्या पातळीपर्यंत आणून ठेवलेली शोषण नळी, जमिनीवरून उचलता येतील असे गाइड-रेलवरचे पंप, समोरासमोर दोन मोठी झाकणं आणि टाकीच्या तळापर्यंत पोहोचणारी हवा खेळती ठेवायची नळी. यातलं पाऊणएक पान विद्यार्थ्याच्या डिझाइन रिपोर्टमध्ये मागितलं तरी सामाजिक जबाबदारीचा तास सार्थकी लागेल.

संगणक शाखेच्या मुलांना हे सिमेंट-गाळाचं वाटू नये. 2015 मध्ये उघडकीला आलेलं फोक्सवॅगनचं प्रकरण त्यांचंच आहे: गाडी चाचणीच्या रोलरवर आहे की रस्त्यावर, हे ओळखून उत्सर्जन नियंत्रण बदलणारा प्रोग्राम. जगभर सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या तपासणीनंतर भारतातही सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. तो प्रोग्राम कुणीतरी लिहिला, कुणीतरी तपासला. अमेरिकेत त्यातल्या एका अभियंत्याला 40 महिन्यांची कैद झाली.

यावर एक आक्षेप हमखास येतो: संस्कार घरी होतात, वीस वर्षांच्या मुलाला काय नीती शिकवणार? चांगुलपणा शिकवता येतो की नाही या वादात आम्हाला पडायचं नाही. आम्ही मागतो आहोत ते कौशल्य आहे. अवैध नमुना अवैध म्हणून नोंदवणं, काय तपासलं नाही ते लिहिणं, आराखड्याबाहेरचा माणूस ओळखणं. हे गुणांसाठी शिकता येतं आणि सरावाने अंगवळणी पडतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कनिष्ठ अभियंत्याच्या हातात असतं काय? टक्केवारीच्या साखळीत तो सगळ्यात खाली. सुवर्ण चतुष्कोन महामार्ग प्रकल्पातला गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे, आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती करणारे सत्येंद्र दुबे यांची 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत हत्या झाली. आयआयटी कानपूरचा हा अभियंता होता. त्यानंतर जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा झाला, 2014 मध्ये राष्ट्रपतींची मोहोर उमटली, आणि तो अजून लागू झालेला नाही. महाराष्ट्रात मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी 2012 मध्ये सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहाराबद्दल पत्र लिहिलं तेव्हा ते सेवेच्या अगदी वरच्या पायरीवर होते. खालच्या पायरीवरच्याला तसं पत्र लिही असं सांगणं बेजबाबदारपणाचं ठरेल. वर्गात हौतात्म्य शिकवू नये.

त्याऐवजी कागद शिकवावा. साइटवर सूचनावही असते. त्यात ‘आज दुपारी 3.20 ला गाडी क्रमांक अमुकमध्ये सुमारे 200 लिटर पाणी घालण्यात आले, स्लम्प 180 मिलिमीटर, या मालातून वेगळे तीन क्यूब घेतले’ एवढंच लिहायचं. आरोप नाही, विशेषण नाही, कुणाचा हेतू नाही. वेळ, जागा, मात्रा, कृती. त्या दिवशीच लिहायचं आणि प्रत वरिष्ठाला द्यायची. अशी नोंद फिरवणं कठीण असतं आणि ती लिहिणाऱ्याला तक्रारखोर ठरवणंही कठीण असतं. तोंडी आदेश मिळाला तर ‘आपल्या तोंडी सूचनेप्रमाणे’ असा एका ओळीचा मेल पाठवायचा. बरेच तोंडी आदेश त्या ओळीनंतर मागे घेतले जातात. तांत्रिक लेखनाच्या तासाला नोकरीचा अर्ज आणि आभारपत्र लिहून घेतात, त्याच तासाला ही नोंद लिहून घेता येईल. शिक्षकाने प्रसंग द्यावा, विद्यार्थ्याने सहा ओळी लिहाव्यात, आणि त्यातलं प्रत्येक विशेषण लाल शाईने खोडावं.

स्वायत्त महाविद्यालयांना यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. प्रयोगाच्या दहा गुणांपैकी तीन गुण ‘अपेक्षेपेक्षा वेगळं काय आलं आणि का’ या परिच्छेदाला द्यावेत, आणि आलेलं उत्तर चुकीचं म्हणून एकही गुण कापू नये. कच्च्या निरीक्षणांवर प्रयोग संपताच शिक्षकाची सही आणि वेळ पडावी. पक्कं जर्नल नंतर आलं तरी मूळ आकडे त्याच पानावर राहतात. आठ प्रयोगांऐवजी पाच झाले तरी चालतील, पण एक तरी प्रयोग पुन्हा करायची मुभा असावी. ओरलला बाहेरचे परीक्षक बोलावताना एखादा निवृत्त गुणवत्ता नियंत्रण अभियंता बोलवावा. बसवलेलं रजिस्टर त्याला पान उलटताच ओळखू येतं, कारण खऱ्या रजिस्टरमधले आकडे इतके जवळजवळ येत नाहीत.

आणि प्रश्नपत्रिका. काँक्रीट तंत्रज्ञानाच्या पेपरात आठ गुणांचा असा प्रश्न असू शकतो: तीन क्यूबची रीडिंग 590, 575 आणि 430 किलोन्यूटन आहेत, वर दोन स्लॅब झालेले आहेत, सूचनावहीतली आजची नोंद लिहा आणि पुढच्या चाचण्यांचा क्रम कारणांसह द्या. नोंदीला चार गुण, क्रमाला चार. ज्याने 25.9 ही सरासरी काढली त्याला शून्य, मग बाकीचं गणित कितीही सुबक असो. हा प्रश्न लागोपाठ दोन परीक्षांत आला तर तिसऱ्या सत्रात वर्गात तो शिकवला जाईल, नोट्समध्ये उतरेल आणि ओरलला विचारला जाईल. नीतिमत्तेच्या रकान्यात 2 लिहायला तेव्हा शिक्षकांकडे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असेल.